उपडा ग्लास

माझ्या नवऱ्याचा डावा डोळा निकामी झाला आहे, हे मला एका जादूच्या सिनेमामुळे कळलं. रोज दोन वेळा मी त्यांच्यासमोर जेवायला बसत होते, तरी कळलं नव्हतं. आणि मी तर स्वतःला फार व्यवस्थित बाई समजत असे. शाळेत मुख्याध्यापिका. घरात चौकटीच्या वहीत सगळ्याची नोंद: काय आणायचं, काय फुटलं, कोण काय कबूल करून विसरलं. या शेवटच्या यादीत बहुतेक एकच माणूस असायचा.

ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. सेलूत दिवाळीच्या सुमाराला कापसाच्या गाड्या यायला लागल्या की रांग पार रस्त्यापर्यंत जाई. ग्रेडरनं गाडीतून मूठभर कापूस काढायचा, उजेडात धरायचा, रंग बघायचा, कचरा बघायचा, धागा बोटांत ताणायचा आणि दर्जा सांगायचा. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरे, म्हणून त्या शब्दावरून भांडणंही होत. पण माझ्या नवऱ्याशी सहसा कोणी भांडत नसे. ‘साहेबाची नजर हाय ती’ म्हणायचे आणि गाडी पुढं घ्यायचे. ती नजर म्हणजे त्यांची नोकरी होती आणि गावातली इज्जतही तीच. ती गेली असती तर ते टेबलाशी बसून पावत्या फाडणारे आणखी एक कारकून झाले असते.

हीच नजर ते सिनेमालाही लावत. गावात नवा सिनेमा शुक्रवारी लागे. तीनच्या पहिल्या खेळाला ते जात, आणि खेळ सुटल्यावर टॉकीजसमोरच्या हॉटेलात बाकावर बसून एक चहा पीत. तोपर्यंत कोणी काही विचारायचं नाही, असा दंडक होता. चहा संपला की ग्लास टेबलावर ठेवायचा. सुलटा ठेवला तर सिनेमा बघण्यासारखा. उपडा ठेवला तर घरी जा. लग्न होऊन आले तेव्हा मला हा पोरखेळ वाटला होता. पण सहाच्या खेळाला आलेली मोठी मोठी माणसं तिकिटाच्या खिडकीकडे जाण्याआधी हॉटेलात डोकावून ग्लास बघत, हे मी स्वतः पाहिलं आहे. हॉटेलवाले चाचा तो ग्लास दिवसभर हलवत नसत. त्यावर माशा बसत, म्हणून मी एकदा त्यांना बोलले, तर म्हणाले, "बाई, निकाल हाय तो. निकालावर फडकं मारायचं नसतं."

त्या वर्षी नणंद महालक्ष्म्यांना नांदेडहून माहेरी आली ती चष्म्याचा सिनेमा डोक्यात घेऊनच. सिनेमातल्या वस्तू पडद्यातून बाहेर येतात, त्यासाठी काळसर चष्मा देतात, तो खेळ संपल्यावर परत करायचा. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या निवडायच्या होत्या आणि ही हातात गवारीची शेंग धरून मला नाग दाखवत होती.

"वहिनी, असा सरळ मांडीवर येतो, देवाशप्पथ! माझ्या पुढच्या बाईनं पाय वर घेतले ते इंटरवलपर्यंत खाली सोडले न्हाईत."

"आणि गोष्ट काय आहे?"

"गोष्ट?" ती विचारात पडली. "गोष्ट हाय की. एक राजकन्या हाय. पन वहिनी, डाळिंब! जादूगारीन डाळिंब पुढं करती ना, ते असं नाकाला लागतं."

"गवार निवड."

मग परभणीकडून येणाऱ्या पॅसेंजरमधून रोज एक नवा परीक्षक उतरू लागला. एकाचं डोकं दोन दिवस दुखलं होतं. दुसऱ्याच्या मते तो चष्मा डोळ्यांतला उजेड ओढून घेतो. तिसऱ्यानं सिनेमा पाहिलाच नव्हता, त्याच्या साडूनं पाहिला होता, आणि सगळ्यात ठाम मत त्याचंच होतं. नांदेडच्या पेपरात चार ओळी आल्या की तंत्र थक्क करणारं आहे, कथा पोरकट आहे. त्या चार ओळी मी चाळीस तोंडांतून चाळीस तऱ्हांनी ऐकल्या. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत यावर दोन तट पडले. दोन्ही तटांतल्या एकानंही सिनेमा पाहिलेला नव्हता. मी घंटा पाच मिनिटं आधी वाजवायला लावली.

टॉकीजचा मॅनेजर सज्जन माणूस. त्याची मुलगी आमच्या शाळेत सहावीत होती. एक दिवस तो हाताला चंदेरी रंग लागलेला तसाच शाळेत आला. या सिनेमाला साधा पांढरा पडदा चालत नाही म्हणून तो तीन दिवस पडदा रंगवत होता.

"बाई, पडद्याचं मी बघतो. पन चष्म्याचं काय करू? डोळे येयची साथ हाय. एकाचा चष्मा दुसऱ्याला दिला तर लोक मला धरून मारतील."

अशी कामं माझ्याकडेच येतात. मी त्याला कागदावर लिहून दिलं: प्रत्येक चष्म्याला नंबर. देताना वहीत नंबरासमोर खुर्चीचा नंबर. परत आल्यावर एक घंगाळ साबणाच्या पाण्याचं, दुसरं साध्या पाण्याचं, मग जुन्या मऊ धोतरानं पुसायचं. तो कागद त्यानं खिशात ठेवला आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी तुमी उभ्या राहताव का?"

विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदमध्ये सिनेमाच्या रिळांच्या पेट्या परभणीलाच अडकल्या आणि सिनेमा एक आठवडा पुढं गेला. त्या आठवड्यात गावाला दुसरा विषय नव्हता.

शेवटी तो शुक्रवार आला. मी दारात उभी राहून चष्मे वाटले. नवऱ्याला सत्तेचाळीस नंबरचा दिला, आणि दिवे गेल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. नणंद खोटं बोलत नव्हती. जादूगारणीनं मूठभर कवड्या फेकल्या तेव्हा सबंध टॉकीज खाली वाकलं. माझ्या पुढचा पागोटेवाला म्हातारा ‘आरं आरं आरं’ करत हातानं कवड्या अडवत होता. डाळिंब आलं तेव्हा बायकांच्या बाजूला दोघींनी ते घ्यायला हात पुढं केले. मीही मान मागं घेतली, हे कबूल करते.

माझा नवरा ताठ बसून होता. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. मग माझा मागितला. मी दिला. तो घालून बघितला आणि परत केला. मग पुन्हा आपलाच. मध्यंतरात मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. चित्र स्वच्छ आहे."

खेळ सुटल्यावर मी चष्मे परत घेत दारात उभी होते. समोर हॉटेल. बाकाभोवती एवढी गर्दी की मला फक्त चाचांची टोपी दिसत होती. मग गर्दीतून एकदम गलका झाला.

"उपडा? उपडा कामून, साहेब?"

"काही बाहेर येत नाही," त्यांचा आवाज आला. "साधा सिनेमा आहे. वर चष्मा देऊन फसवतात."

"आवं, नाग आला की माझ्या अंगावर!"

"तुझ्या अंगावर आला असेल. मला नाही दिसला."

मॅनेजर माझ्या शेजारी साबणाच्या पाण्यात हात घालून उभा होता. हात धुतच राहिला.

वैताग पुढं आहे. शुक्रवारी सहाला लोकांनी ग्लास बघितला आणि निम्मे परत गेले. शनिवारी ज्यांनी सिनेमा पाहिलेला होता तेच म्हणायला लागले की तसं फार काही येत नाही. रविवारी सकाळी तो पागोटेवाला म्हातारा मला भाजीबाजारात भेटला. ज्यानं माझ्यासमोर हवेतल्या कवड्या अडवल्या, तो मला सांगतो, "काय न्हाई बाई. डोळ्याचा भास असतो. साहेबाला कसं बरोबर कळलं!"

मी तिथंच पिशवी खाली ठेवली. "आजोबा, तुम्ही हातानं कवड्या अडवत होतात."

"मी? मी घाम पुसत होतो."

घरी आले ती वही घेऊनच बसले. मला गोष्टी निकालात काढल्याशिवाय चैन पडत नाही. दोष चष्म्याचा, खुर्चीचा, पडद्याचा की माणसाचा? त्यांचा चष्मा सत्तेचाळीस, खुर्ची मधल्या रांगेत डावीकडून आठवी. तीनच्या खेळाला मी गेले, तोच चष्मा मागून घेतला, त्याच खुर्चीत बसले. टॉकीज अर्धं रिकामं होतं. डाळिंब आलं, व्यवस्थित नाकाशी आलं. म्हणजे चष्मा ठीक, खुर्ची ठीक. तेवढ्यात नीट न पुसलेल्या चष्म्यातून साबणाचा थेंब माझ्या डाव्या डोळ्यात उतरला. मी तो डोळा मिटून चोळायला लागले, आणि डाळिंब नाकापासून निघून पडद्यात जाऊन बसलं.

डोळा उघडला, डाळिंब बाहेर. मिटला, डाळिंब आत. चित्र दोन्ही वेळा स्वच्छ.

हे मी चार वेळा केलं. मग सिनेमा तसाच टाकून उठले आणि घरी येऊन वहीतली मागची पानं काढली. ‘फुटलं-सांडलं’ या मथळ्याखाली उन्हाळ्यापासूनच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या. चहा कपाऐवजी बशीत ओतला. काचेचा ग्लास टेबलाच्या अलीकडेच सोडला, फुटला. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागला. पुन्हा लागला. डावीकडून आलेली सायकल दिसली नाही म्हणे. प्रत्येक नोंदीपुढं मी कंसात एकच शब्द लिहिला होता: हलगर्जीपणा. पाच महिने मी त्यांच्या डोळ्याचा रिपोर्ट लिहीत होते आणि तो त्यांच्यावरच्या तक्रारींत फाइल करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि विचारलं, "डावा कधीपासून दिसत नाही?"

"कोणता डावा?"

"तुमचा डोळा."

त्यांनी कपाचा कान धरायला बोट पुढं केलं, ते अलीकडेच हवेत वळलं. मग दुसऱ्यांदा कान सापडला.

"उन्हाळ्यापासून धूसर होता. आता पोळ्यापासून काहीच नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू यादीत लिहिलं असतंस."

"लिहिलंच आहे," म्हणत मी वही त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी पान वाचलं, डावीकडे मान वळवून. हे मान वळवणंही मी महिनोन् महिने बघत होते आणि मला वाटायचं, माझ्याकडं लक्ष नाही.

"सीझन तोंडावर आलाय," ते म्हणाले. "केंद्रावर कळलं तर पावत्या फाडायला बसवतील. आणि नाही बसवलं तरी शेतकरी काय म्हणतील? एका डोळ्यानं आमचं वरीस मोजायलाय म्हणतील. पुढची प्रत्येक मूठ भांडणाची."

"उजवा कसा आहे?"

"ठणठणीत."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय की."

मला इतका राग आला की मी शाळेत निरोप पाठवून रजा घेतली, आणि त्यांना पुढच्या गाडीनं परभणीला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. विचारायचे प्रश्न मी गाडीतच लिहून काढले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू होता. डाव्याची नजर परत येणार नव्हती. उजव्याला सुरुवात झाली होती, पण औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा, न चुकता, आयुष्यभर घातले तर तो टिकवता येईल असं ते म्हणाले. अजून एखादं वर्ष गेलं असतं तर काय, हा माझ्या यादीतला सातवा प्रश्न होता. तो मी विचारला नाही. डॉक्टरांनीच विचारलं, कसं लक्षात आलं? मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुठल्या टॉकीजला लागलाय?"

परतीच्या गाडीत माझा नवरा खिडकीशी बसला होता. मी मनात वेळापत्रक मांडत होते: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, झोपताना. मानवत रोड स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "ग्लास सुलटा करावा लागेल."

माणसाचा एक डोळा गेला, दुसरा जायला दाराशी उभा, आणि ह्यांना ग्लासाची पडली होती.

"काही गरज नाही," मी म्हणाले. "सिनेमा गुरुवारी जाईलच. ग्लास फिरवला तर लोक कारण विचारतील."

"विचारतीलच."

"मग काय सांगाल?"

"लोक माझी मूठ का मानतात?" त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं. "डोळे चांगले म्हणून नाही. जे दिसतं तेच सांगतो म्हणून. आता मला एवढंच दिसतं. आणि दुपारी बाराचं औषध मी केंद्रावर कुठं लपून घालणार? गाडीखाली?"

मी त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं, हे मात्र खरं, आणि तेही इथं नोंदवून ठेवते.

मंगळवारी तीनचा खेळ सुटायच्या वेळी ते हॉटेलात गेले. मी चष्म्यांच्या निमित्तानं समोर दारात उभी राहिले. चाचांनी न विचारता चहा आणला. तो संपवून त्यांनी ग्लास उचलला, दुसऱ्या हातानं टेबलाची कड चाचपली आणि ग्लास सुलटा ठेवला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. निकाल फिरलेला आजवर कोणी पाहिला नव्हता.

"क्या साब," चाचा म्हणाले, "दुबारा देखे क्या?"

"नाही. सिनेमात सगळं बाहेर येतं. तुम्हाला दिसलं ते खरं होतं. मला दिसलं नाही, कारण माझा डावा डोळा गेलाय. त्या चष्म्याला दोन्ही डोळे लागतात."

मला वाटलं, आता कापसाच्या दर्जाचं निघणार. तेवढ्यात अडतीवरच्या एका हमालानं घसा खाकरला.

"साहेब, म्हंजे होळीला जो पिच्चर उपडा ठेवला होता..."

"तेव्हा दोन्ही होते."

"आन् त्याच्या आधीचा, दिवाळीचा?"

"तोही दोन्ही डोळ्यांनी पाहिला."

"मग ठीक हाय," तो बाकीच्यांकडं वळून म्हणाला. "ह्यो एकच रद्द. मागचे समदे निकाल कायम."

लोक हसले. तेही हसले. मग कोणीतरी विचारलं, औषधपाणी काय, परभणीचा डॉक्टर बरा की नांदेडचा, आणि लगेच पाच जणांनी पाच डॉक्टर सांगितले. सहाच्या खेळाला खिडकीवर रांग लागली. रांगेत पागोटेवाला म्हातारा होता. मला बघून म्हणाला, "मी म्हनलो न्हवतो का, बाई? कवड्या लय जोरात येत्यात." मी त्याला चष्मा दिला आणि काही बोलले नाही. हे मी माझ्या आयुष्यातलं एक मोठं संयमाचं काम समजते.

पण खरी परीक्षा सीझनची होती. दिवाळीनंतर केंद्र सुरू झालं. वरच्या साहेबांनी डॉक्टरचा कागद मागितला, तो वाचला, आणि ‘तक्रार आली तर बघू’ म्हणाले. म्हणजे एका भांडणावर सगळं टांगलेलं. पहिल्याच आठवड्यात मी घरी आले तर औषधाची बाटली खिडकीत तशीच. बाराला दहा कमी. खिडकीच्या झडपेवर माझ्या हातचं वेळापत्रक चिकटवलेलं, त्याच्या खालीच बाटली. मी चप्पल घातली आणि तणतणत केंद्रावर गेले.

रांग मोठी होती. ते एका गाडीशी उभे होते, हातात कापूस. मी त्यांच्या डाव्या बाजूनं आले, म्हणून त्यांना दिसले नाही. गाडीवाल्यानं हात कमरेवर ठेवले होते.

"दुसरा दर्जा?" तो म्हणाला. "साहेब, जरा चांगल्या डोळ्यानं बघा की."

रांगेतल्या माणसांनी माना पुढं काढल्या. मी बाटली मुठीत घट्ट धरली.

"चांगल्याच डोळ्यानं बघायलोय," माझा नवरा म्हणाला. केंद्रावर त्यांची बोली लगेच बदलते. "गेलेल्या डोळ्यानं बघितलं असतं तर पहिला लावला असता. ही पानाची कुचकी बघ, कचरा समदा. ही पिवळी पाकळी. तूच सांग."

गाडीवाल्यानं ती मूठ घेतली, उजेडात धरली, उलटीपालटी केली. मागून कोणीतरी म्हणालं, "लाव रे पुढं, उन्हं डोक्यावर आली." त्यानं कापूस परत गाडीत टाकला.

"लिहा दुसरा," तो म्हणाला, आणि बैलांना पुढं घेतलं.

मागची गाडी आली. तिचा मालक खाली उतरला, आणि ग्रेडरच्या डाव्या हाताला उभी राहत होती ती गाडी त्यानं जरा फेर घेऊन उजव्या हाताला लावली. त्याच्या मागच्यानंही तसंच केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मग त्या मालकाचं माझ्याकडं लक्ष गेलं.

"साहेब," तो म्हणाला, "बाई आल्यात. डावीकडं हायेत."

त्यांनी पूर्ण मान वळवली आणि मला पाहिलं. मग माझ्या हातातली बाटली पाहिली.

"बारा वाजून पाच झालेत," मी म्हणाले. "मान वर करा."

त्यांनी रांगेसमोरच मान वर केली. मागचे गाडीवाले थांबले.